विमानाचा तिसरा हिस्सा

आमच्या घराण्यात आजवर काय काय विकत घेतले गेले, याची मी एकदा सहज यादी केली होती. बैलजोड्या, दोन गाई, एक ऑईल इंजिन, एक राजदूत मोटारसायकल, पुढे ट्रॅक्टर, आणि मी निवृत्त झाल्यावर हा संगणक. त्या यादीत गेल्या वर्षी एक भर पडली. जेट विमान! तेही अख्खे नव्हे, एक तृतीयांश.

हसू नका मंडळी, थट्टा करत नाही. माझ्या थोरल्या भावाचा नातू अमेरिकेत कॅन्सास राज्यात विचिटा इथे असतो. भोवती मैलोन्‌मैल गव्हाची राने आणि मध्ये विमानांचे कारखाने. आपल्या लातूरला जशा डाळमिली, तशी तिथे विमाने. पोरगा इंजिनियर आहे, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला. मागे त्याने उडवायचे लायसन काढले, तेव्हा आम्ही पेढे वाटले. गेल्या वर्षी त्याने आणि दोन मित्रांनी मिळून एक जुने सेस्ना सायटेशन घेतले. १९७८ साली बनलेले. म्हणजे आमच्या संसाराहून ते एका वर्षाने धाकटे.

पेढे या वेळी कोणी वाटले नाहीत. कारण सांगतो. या पोराला शिकायला पाठवताना पुतण्याने चार एकर रान विकले होते. विहिरीकाठचे, काळे, बाराही महिने पाणी असलेले रान. घेणारा आता त्यातले दोन एकर परत द्यायला तयार आहे. पुतण्या मनात धरून बसला होता की पोरगा पैसे पाठवील आणि रान पुन्हा नावावर होईल. आणि मोबाईलवर आला तो विमानाचा फोटो. पोरगा शिडीवर उभा, दात काढून हसतोय.

पुतण्या माझ्याकडे येऊन म्हणाला, "नाना, तुमी मास्तर. तुमचं ऐकतंय ते. सांगा त्याला, हे खूळ सोड म्हणून."

आमच्या येरमाळ्यात विमान म्हणजे आकाशातली पांढरी रेघ. फार तर निवडणुकीत उतरणारे हेलिकॉप्टर. येडाईच्या चैत्री यात्रेत पूर्वी फोटोवाले पुठ्ठ्याचे विमान घेऊन बसत. याच पुतण्याचा त्या विमानात बसून काढलेला फोटो आमच्या भिंतीवर अजून आहे. बाकी सुनेच्या डोक्यात विमान म्हटले की २०१७ सालचे निलंगा येते. मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या खाली आले होते ते. सगळे वाचले, पण टीव्हीवर पाहिलेले तिच्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तर मी अभ्यासाला बसलो. चाळीस वर्षांची सवय, माहिती नसताना कोणाला रागवायचे नाही.

कंपन्यांच्या साहेबांना घेऊन फिरणाऱ्या या छोट्या जेट विमानांची पिढी तशी फार जुनी नाही. लॉकहीडचे जेटस्टार १९५७ साली पहिल्यांदा उडाले, इंग्रजांचे डी हॅविलंड १२५ हे १९६२ ला, फ्रेंचांचे फाल्कन १९६३ ला. सेस्नाचे सायटेशन उशिरा, १९६९ साली आले. ते इतरांच्या मानाने सावकाश चाले. वैमानिक चेष्टा करत, की याला मागून येऊन पक्षी धडकतील. पण त्याचे पंख सरळ, स्वभाव गरीब, छोट्या धावपट्टीवरही उतरायचे. पुढे त्याची एकाच वैमानिकाने चालवायची आवृत्ती निघाली. आमच्या पोराचे विमान त्यातलेच.

मला वाटले होते, इतके जुने विमान म्हणजे पत्रा थकलेला असणार. तसेच काही नाही. विमान उंच गेले की आत हवेचा दाब भरतात, खाली आले की उतरतो. फुगा फुगवावा आणि सोडावा तसे. पत्रा थकतो तो या फुगण्या-उतरण्याने, निव्वळ वर्षांनी नव्हे. १९८८ साली हवाई बेटांत अलोहा कंपनीच्या विमानाचे छप्पर आकाशात उडून गेले. ते विमान एकोणीस वर्षांचेच होते, पण त्याच्या जवळपास नव्वद हजार फेऱ्या झालेल्या होत्या. बेटाहून बेटावर, दिवसभर. साहेब लोकांच्या विमानाला इतकी दगदग नसते. गंज मात्र कोणालाही सोडत नाही.

मग ही विमाने भंगारात का जातात? खर्चामुळे! अशी जुनी जेट विमाने पुण्यातल्या बऱ्या फ्लॅटच्या किमतीत मिळतात, आणि फसगत तिथेच होते. विमान स्वस्त झाले तरी त्याचा खर्च नव्या विमानाचाच राहतो. पुन्हा कायदे बदलतात. २०१५ च्या अखेरीनंतर अमेरिकेने जुन्या मोठ्या आवाजाच्या छोट्या जेटना मुख्य भूमीवर उडायला बंदी केली. पहिल्या पिढीतली कितीतरी विमाने त्या एका नियमाने जमिनीवर बसली. सायटेशनचे इंजिन मुळात मवाळ आवाजाचे, म्हणून ते वाचले. २०२० पासून बहुतेक मोठ्या विमानतळांजवळ आणि उंचावर उडायचे तर आपला ठावठिकाणा सतत सांगणारे यंत्र विमानात हवे. तोही खर्च.

एल्विस प्रेस्ले या गाजलेल्या अमेरिकन गायकाचे १९६२ चे एक जेटस्टार न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सुमारे चाळीस वर्षे उभे होते. आत लाल मखमल, पण इंजिने गायब. २०२३ च्या जानेवारीत ते लिलावात दोन लाख साठ हजार डॉलरला गेले. घेणाऱ्याने त्याचे काय करावे? रस्त्यावर चालणारी गाडी केली! मला वाईट वाटले खरे. आपल्याकडे जुन्या वाड्याचे खांब काढून हॉटेलात लावतात, तसे काहीसे.

एवढे वाचून झाल्यावर एका रविवारी पोराला व्हिडिओवर बोलावले. म्हटले, "बाळा, फोटो पाहिला. आता वही दाखव."

त्याने खरोखर हिशेब उघडून दाखवला. मास्तर म्हणून सांगतो, हिशेब नीटनेटका होता. हँगरचे भाडे, विमा, नकाशांची वर्गणी, ठराविक मुदतीच्या तपासण्या, आणि जेट चालवणाऱ्याला दरवर्षी द्यावी लागणारी परीक्षा. हे सगळे विमान उडो न उडो, द्यायचेच. इंधन वेगळे. जेटचे इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचाच शुद्ध भाऊ. तासाला साडेपाचशे लिटरच्या आसपास जाते आणि अंतर कापले जाते सव्वासहाशे किलोमीटर. मी तोंडी हिशेब केला, लिटरला सव्वा किलोमीटरही नाही. रेशनच्या रांगेत पाच लिटर रॉकेलसाठी उभा राहिलेला माणूस मी... असो.

खरी गोम इंजिनात आहे. त्याची दोन इंजिने प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा या कंपनीची. साडेतीन हजार तास झाले की पूर्ण उघडून नवी करावीत, अशी कंपनीची मर्यादा. निम्म्या वाटेवर एक मधली तपासणी. आणि एक इंजिन नवे करायला जो खर्च येतो, तेवढ्यात तसले अख्खे विमान येते! म्हणून जुने जेट विकत घेताना लोक रंग आणि खुर्च्या पाहत नाहीत, इंजिनाचे किती तास उरले ते पाहतात. यांच्या विमानाचे दोन्हीकडे सहाशे उरलेत. तिघे मिळून वर्षाला ऐंशी तास उडवतात. म्हणजे साडेसात वर्षे. त्यानंतर हे विमान सुट्या भागांसाठी जाणार, हे त्याने स्वतःच सांगितले, आवाज न बदलता.

"मग कमी उडव की," मी म्हणालो. "पुरवून पुरवून वापर."

"नानाआजोबा, उभं ठेवलं तर लवकर मरतं." रबराचे सील सुकतात, टाकीत पाणी साठून बुरशी धरते, चाके एका बाजूने चपटी होतात, उंदीर वायर कुरतडतात. कंजूस मालकाचे विमान आधी जाते म्हणे. हे मला लगेच पटले. आमच्या गल्लीतले तीन वाडे बंद राहूनच पडले. ज्यात भाडेकरू होते, ते अजून उभे आहेत.

पुतण्याला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "पर नाना, शहाणी मानसं करत्यात का असलं?"

तेव्हा मला जे. आर. डी. टाटा आठवले. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन पुस मॉथ नावाचे एका इंजिनाचे विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर उतरवले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखल व्हायचे, मग विमाने पुण्याला येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर उतरत. हे सर्वांना थोडेफार ठाऊक असते. मला आठवते ते १९८२. त्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली म्हणून टाटांनी तीच वाट पुन्हा उडून दाखवली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. या वेळी विमान होते लेपर्ड मॉथ, पुस मॉथच्या पाठचे, १९३३ साली आलेले. लाकडी सांगाड्याचे, पुढे एकटा वैमानिक. ज्या एअर इंडियाला त्यांनी जन्म दिला, तिच्या अध्यक्षपदावरून त्यांना १९७८ मध्ये दूर केले होते. तरी म्हातारा उडाला! मी तेव्हा सातवीच्या वर्गावर होतो. वर्तमानपत्र घेऊन वर्गात गेलो आणि भूगोलाच्या तासाला नकाशावर कराची, अहमदाबाद, मुंबई अशी रेघ मारली.

पण मी पुतण्याला हेही सांगितले, की टाटांचा दाखला आपल्या पोराला पुरता लागू नाही. त्यांच्या मागे कारागिरांची फौज होती. आपल्या पोरामागे दोन मित्र आहेत आणि बँकेचे कर्ज आहे. त्यातला एक मित्र उद्या निघाला तर तिसरा हिस्सा अर्धा होईल. जुन्या विमानाच्या भागीदाऱ्या सामाईक विहिरीसारख्याच, पाणी आटले की पाळीवरून भांडणे. हे मी पोरालाही स्पष्ट ऐकवले. भागीदारीचा कागद लिहून घेतलाय का, म्हणून विचारले. घेतला नव्हता! आता घेतलाय, प्रत मला पाठवली आहे. इंग्रजी वकिली होते, पण निघून जाणाऱ्याने काय भरायचे ते कलम मी शोधून वाचले.

रानाचे त्याला माहीतच नव्हते. बाप बोलला नव्हता, पोराने विचारले नव्हते. मी सांगितले तेव्हा तो बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "एका एकराचे पैसे आत्ता देऊ शकतो. दुसऱ्याचे पुढच्या वर्षी." विमान विकीन असे तो म्हणाला नाही, आणि मीही विक म्हणालो नाही. पुतण्याने मला ज्या कामाला लावले होते ते मी केलेच नाही, असे त्याला वाटणे साहजिक आहे. पण ऐंशी तासांचा आनंद वहीत मांडून, त्याच्या शेवटाची तारीख ठरवून जो माणूस विकत घेतो, त्याला मी खुळा कसा म्हणू? कर्ज काढून घेतला, एवढीच माझी तक्रार आहे, आणि ती कायम आहे.

पैशांचा निरोप घेऊन मी पुतण्याकडे गेलो. तो गोठ्यात होता. सगळे ऐकून घेतले, धार पुरी केली, मग म्हणाला, "एकाचं घेतो. दुसऱ्याचं म्हनावं राहू दे. आदी त्या इंजिनाचं कर म्हनावं, पोरगं वर असतंय."

खरेदीखत पुढच्या महिन्यात आहे. कळंबला मलाही साक्षीदार म्हणून जायचे आहे.