शिंदळ माकुडी

पाऊस ओसरला की शिवनेरीच्या कड्यांकडे नजर ठेवून चालावं. एकदा असाच चालत असताना कातळाच्या भेगेतून खाली झुकलेल्या मांसल फांद्या दिसल्या. टोकाशी पानं आणि पानांलगत पाच पाकळ्यांची चांदणी: गर्द तांबूस, वर पिवळसर ठिपके. मी गुडघे टेकून बघत बसलो. गुरं वळवत आलेले एक बाबा म्हणाले, "शिंदळ माकुडी हाय ती. तोडू नगा."

पुस्तकात मात्र ती 'फ्रेरिया इंडिका' आहे. नाव ठेवलं निकोल अलेक्झांडर डॅलझेल यांनी, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या सन्मानार्थ.

डॅलझेल १८१७ साली एडिंबरोत जन्मले आणि १८४१ मध्ये मुंबईच्या जकात खात्यात आले. काम मिठा-अफूच्या महसुलाचं, जीव मात्र रानात. पुढे ते वनखात्यात गेले. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्यांचे ज्येष्ठ सहकारी. दापोडीची सरकारी बाग सांभाळणारे गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. दोघांनी मिळून १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' सिद्ध केला.

या पुस्तकामागच्या कष्टांची कल्पना करायला एक गोष्ट पुरे. तोडलेली फांदी कागदांच्या घड्यांत दाबायची, ओले कागद काढून कोरडे घालायचे, आणि हे रोज, सुकेपर्यंत. आमच्याकडच्या पावसात एक दिवस हयगय झाली तर बुरशी चढते. मी स्वतः करून पाहिलंय. असल्या हवेत शेकडो वनस्पती जपणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात खरा आदर आहे. जंगल तुटलं की झरे आटतात, हेही त्यांनी सरकारला त्याच काळात सांगितलं होतं.

पण त्याच वनखात्यानं डोंगरातल्या माणसांच्या कुऱ्हाडीवर बंधनं आणली, आणि रानाच्या वाटा तर याच माणसांना ठाऊक होत्या. दापोडीच्या बागेतल्या वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. ती एका इथल्याच चित्रकारानं काढली. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

गव्हर्नरांचं नाव फुलाला मिळालं. डॅलझेल यांचंही मिळालं: 'डॅलझेलिया' ही ओढ्यातल्या दगडाला घट्ट धरून वाढणारी इवलीशी वनस्पती. वाट दाखवणारे, ओझं वाहणारे, रंग भरणारे हात मात्र कोऱ्या जागेत राहिले. मला हा अन्याय वाटतो. डॅलझेल यांची नोंद नसती तर ही चांदणी किती दुर्मीळ आहे, हे आपल्याला कळलं नसतं, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी मान्य करूनच त्यांचं ऋण फेडता येईल.

त्या दिवशी वहीत मी तीन ओळी लिहिल्या: ठिकाण, तारीख, आणि शिंदळ माकुडी. घरी आल्यावर लक्षात आलं, बाबांचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. तुम्ही गडावर जाल तेव्हा फूल तोडू नका. त्याचं नाव तिथल्या माणसाला विचारा, आणि सांगणाऱ्याचंही नाव लिहून ठेवा.