टवका आणि तडा

परशुराम घाट उतरताना पुढच्या डंपरच्या चाकांतून खडी उडाली. गाडी बाजूला घेऊन पाहिलं, तर काचेवर मसुरीच्या डाळीएवढा खड्डा, त्याभोवती गोल कडं आणि एक बारीक रेघ, बॉनेटच्या पुढच्या कडेला रंगाचे टवके. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हापासून या रस्त्यावर खडी आणि डंपर नाहीत असा दिवस नसेल. चिपळूणमध्ये राहणाऱ्या कुणालाच माझ्या गाडीचं नवल वाटलं नाही. नवल मला वाटत होतं, कारण ही माझी पहिलीच गाडी.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. शेजारचे काका म्हणाले, नेलपॉलिश लाव, माझ्या स्कूटरला मी तेच करतो. भावाच्या मित्राने फेविक्विकचा थेंब सुचवला. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा काचेकडे धड न बघताच म्हणाला, "मॅडम, काच बदलूनच टाका, इन्शुरन्समध्ये बसेल." विम्याचे कागद मी रात्री काढून वाचले. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळतच नाहीत. सर्वंकष विमा असला, तरी दावा केला की नो क्लेम बोनस जाऊ शकतो. दावा न केलेल्या पहिल्या वर्षाला २० टक्के मिळणारी ही सवलत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जाते. एवढ्याशा खड्ड्यापायी ती घालवायची का? आणि मे संपत आला होता. पाऊस तोंडावर.

खरी दिशा दाखवली ती बाजारपेठेमागच्या एका काचवाल्या दादांनी. त्यांनी पहिल्यांदा मला गाडीत बसवलं आणि आतून खड्ड्याच्या जागी नख फिरवायला सांगितलं. गुळगुळीत लागलं. "मग काम होईल ताई. बाहेरचीच काच गेलीय."

बाहेरचीच म्हणजे? पुढची काच एक नसून दोन काचा असतात आणि मध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या चिवट प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, हे मला तिथे कळलं. दरवाजाची काच फुटली की तिचे दाणे दाणे होतात, पुढची तडकते पण जागच्या जागी राहते, ती त्या पापुद्र्यामुळे. या कल्पनेची हकिकत मी नंतर मुद्दाम वाचली. १९०३ साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्टस यांच्या प्रयोगशाळेत एक काचेचा चंबू खाली पडला. तो फुटला, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसलेला होता, असं सांगतात. १९०९ साली त्यांनी अशा काचेचं पेटंट घेतलं. आज आपल्या डोळ्यांपुढे जी काच असते, तिची सुरुवात तिथली.

दादांनी गाडी सावलीत घेतली. खड्ड्यात भरायचं रेझिन अतिनील किरणांनी घट्ट होतं, त्यामुळे उन्हात ते नीट आत शिरण्याआधीच आळून बसतं. सुईच्या टोकाने त्यांनी काचेची सुटी भुकटी काढली. मग रबरी चूषकांवर उभं राहणारं एक छोटं यंत्र बरोबर खड्ड्यावर बसवलं, त्याच्या नळीत रेझिनचे थेंब सोडले आणि दट्ट्या वर ओढला. आतून मी बघत होते. खड्ड्यातली हवा बुडबुड्यांनी वर आली. मग दट्ट्या खाली, दाब. पुन्हा ओढ, पुन्हा दाब. काळं दिसणारं कडं एका बाजूने विरत गेलं. ते काळं म्हणजे काचेत अडकलेली हवाच होती. काच आणि हवा प्रकाशाला वेगवेगळं वाकवतात, म्हणून तडा दिसतो. रेझिन जवळजवळ काचेइतकंच वाकवतं, म्हणून ते शिरेल तिथे तडा नाहीसा वाटतो. बारीक रेघेचं टोक काही केल्या भरेना. दादांनी आतल्या बाजूने काचेला अगदी हलका दाब दिला आणि रेझिन सरकन टोकापर्यंत गेलं. माझ्या तोंडून "गेलं!" असं मोठ्याने निघालं.

त्यानंतर वरच्या खड्ड्यात दाट रेझिनचा थेंब, त्यावर पारदर्शक फिल्मचा तुकडा, मग निळसर दिवा. घट्ट झाल्यावर ब्लेड काचेला काटकोनात धरून त्यांनी जादाचं रेझिन खरवडलं आणि पॉलिश केलं. "डाग थोडा दिसणार ताई. पण पुढे चालायचा नाही." दिसतो, उजेड तिरका आला की टाचणीच्या डोक्याएवढा. माझी त्याला काहीच हरकत नाही. काच बदलायची म्हणजे कारखान्यात चिकटवलेली मूळ काच कापून काढायची. अनेक गाड्यांत बाजूच्या माणसाची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते. ते मूळ चिकटणं जपता येत असेल तर जपावं, असं माझं ठाम मत झालं आहे. तडा काचेच्या कडेजवळ असेल, लांब गेला असेल किंवा चालवणाऱ्याच्या थेट नजरेसमोर असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे दादाही हात लावत नाहीत. आणि दुरुस्तीला जाईपर्यंत खड्ड्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावायची, म्हणजे पाणी आणि धूळ आत जात नाही. तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडायचा नाही. अशा एका झटक्यात रेघ हातभर वाढू शकते.

काचेचं उमगलं तरी रंगाने मला पुन्हा गोंधळात टाकलं, कारण तिथे सगळं उलटं होतं. काचेत एका दमात आतपर्यंत भरायचं; रंगात तळापासून थरावर थर चढवत यायचं. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग, मग क्लिअर कोट, आणि हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एका मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढ्या जाडीवर आपला पत्रा कोकणातल्या खाऱ्या हवेत उभा असतो, हे कळल्यावर मी गाडीकडे वेगळ्याच काळजीने बघू लागले.

रंगासाठी मी एका पेंटरकाकांकडे गेले. त्यांनी भिंग हातात दिलं. एका टवक्यात करडा प्रायमर दिसत होता, दुसऱ्यात चकचकीत पत्रा, तिसऱ्यात तपकिरी ठिपका. बंपरवरच्या टवक्याची घाई नव्हती, प्लास्टिकला गंज चढत नाही. तपकिरी ठिपक्याला मात्र आधी खरवडून उघडा पत्रा दिसेपर्यंत नेलं. गंज आत ठेवून वर काहीही लावलं तरी तो पोखरत राहतो. नेलपॉलिशचा सल्ला मी तिथेच मागे टाकला. स्पिरिटने मेण आणि तेलकटपणा पुसला, उघड्या पत्र्यावर प्रायमर लावला आणि गाडीच्या पट्टीवरच्या रंग-क्रमांकाप्रमाणे आणलेली टच-अपची बाटली खळखळ हलवली. काकांनी ब्रश नव्हे, टूथपिक माझ्या हातात दिली. "लावू नकोस, नुसता टेकव. थेंब आपोआप पसरेल."

थेंब पसरला आणि रंग चुकल्यासारखा गडद दिसला. क्रमांक तर तोच होता. काका म्हणाले, चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे कण असतात. कारखान्यात फवाऱ्याने ते आडवे बसतात, हाताने लावले की कसेही पडतात, म्हणून छटा थोडी फिरते. रंग सुकताना आक्रसतोही, त्यामुळे पातळ थर देत, मधे वाळू देत, शेवटी क्लिअर कोटने जागा आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित उंच आणायची. पूर्ण कडक झाली की २००० नंबरच्या पाणी-पेपरने फक्त तेवढाच उंचवटा घासायचा आणि रबिंग कंपाउंडने चमक आणायची. घासताना माझा जीव मुठीत होता, शेजारचा चांगला क्लिअर कोटही तेवढाच पातळ आहे म्हणून. बोटाने चाचपलं तेव्हा कड लागली नाही.

टपाच्या पुढच्या कडेलाही एक जुना टवका आहे. खडी लागली त्याच्या आधीचा, आणि त्याच्या आजूबाजूचा रंग फुगलाय. काकांनी नखाने दाबून पाहिलं आणि मान हलवली: तिथे आतून गंज पसरलाय, टूथपिकचं काम नाही, रंग उतरवून पूर्ण कड करावी लागेल. पण पावसाळी दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं, म्हणून आता ते हात घालायला तयार नाहीत. सध्या गंज खरवडून प्रायमर मारून ठेवलाय. नवरात्र झालं की गाडी त्यांच्याकडे सोडायची ठरली आहे.