उतरल्याची वेळ

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या तळावर मिग-२१ला निरोप दिला गेला, तेव्हा दिवसभर बातम्यांत विमानच होतं. त्याची साठ वर्षांहून लांब सेवा, त्याचे पराक्रम, त्याचे अपघात, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी. ते शेवटपर्यंत उडवणाऱ्या २३ क्रमांकाच्या ‘पँथर्स’ स्क्वाड्रनचं नाव मात्र ओळी-दोन ओळींत आटोपलं. हे मनाला लागलं. विमानं येतात आणि जातात. स्क्वाड्रनचा क्रमांक, तिचं चिन्ह, तिची नोंदवही आणि तिच्या गेलेल्या माणसांची नावं एका विमानाकडून दुसऱ्याकडे सोपवली जातात. भारतीय हवाई दलाची १ क्रमांकाची स्क्वाड्रनच घ्या. ती १ एप्रिल १९३३ला कराचीच्या ड्रिग रोड तळावर चार वापिटी विमानांनिशी उभी राहिली. पुढे लायसँडर, हरिकेन, मिस्टेअर, मिग-२१, मिराज-२००० असा प्रवास त्या एका क्रमांकाने केला. फाळणीनंतर काही वर्षं तो क्रमांक रिकामा होता, १९५३ साली १५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला तो मिळाला, तरी वंशावळ १९३३पासूनच मोजली जाते. असा वारसा तगतो तो कागदाच्या आधाराने. आणि हा कागद आज इतिहासकारांच्या बरोबरीने चिकाटीने वाचणारी एक जमात आहे, जिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही: घरच्या संगणकावर जुनी लढाऊ विमानं उडवणारे आणि त्यांच्यासाठी मोहिमा रचणारे लोक.

फ्लाइट सिम्युलेटरमधली मोहीम म्हणजे एकामागून एक गुंफलेली उड्डाणं. खेळणारा एखाद्या खऱ्या स्क्वाड्रनचा वैमानिक होतो आणि तिच्याबरोबर युद्धाचे काही आठवडे काढतो. ती रचणाऱ्याला शंभर प्रश्नांची उत्तरं लागतात. अमुक तारखेला स्क्वाड्रन कुठल्या तळावर होती? त्या सकाळी किती विमानं उडण्याजोगी होती? काम काय होतं, आभाळ कसं होतं, समोर कोण होतं? या शोधाबद्दल मला मनापासून आदर आहे आणि एक जुनी तक्रारही आहे. रंगांच्या बाबतीत ही मंडळी तडजोड करत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या विमानांवरच्या वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण घाईत तो जपानी सूर्य वाटे आणि आपल्याच विमानावर गोळ्या झाडल्या जात. उरले गडद आणि फिका असे दोन निळे. त्या फिक्या निळ्याची छटा नेमकी कोणती, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. आणि इतकं अचूक रंगवलेलं विमान मग अशा उड्डाणावर पाठवतात, जे त्या स्क्वाड्रनने कधी केलंच नव्हतं: रोज शत्रूची विमानं भेटणार, रोज दोन-चार पडणार. माझं म्हणणं सरळ आहे. खऱ्या स्क्वाड्रनचं नाव लावायचं असेल, तर तिने बहुतेक दिवस जे केलं ते दाखवा. आणि जे तिला त्या दिवशी ठाऊक नव्हतं, ते खेळणाऱ्यालाही ठाऊक होऊ देऊ नका.

यासाठीचं मूळ साधन फार रूक्ष आहे. ब्रिटिश हवाई दलात प्रत्येक स्क्वाड्रन दोन छापील नमुने भरत असे. फॉर्म ५४०वर दिवसाची हकीकत आणि फॉर्म ५४१वर प्रत्येक उड्डाण: विमानाचा क्रमांक, वैमानिक, कामगिरी, वर गेल्याची वेळ, उतरल्याची वेळ, तपशील. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात हे कागद आजही वाचता येतात. पानामागून पान तेच असतं. गस्त, काही दिसलं नाही. ढग, अर्ध्यातून परत. सराव. आठवडाभर पाऊस. मोहीम रचणारा या पानांतून घाईने पुढे जातो आणि चकमकीच्या तारखेवर थांबतो. खरं तर थांबायला हवं ते या पानांवरच. काल बारा विमानं उडाली आणि आज सातच का, या प्रश्नाचं उत्तर तंबूत रात्र काढणाऱ्या फिटर आणि आर्मररांच्या हातांत असे. बंदुका भरणारी, इंजिनं उघडणारी ही माणसं हकिकतीत क्वचित नावानिशी येतात, पण उडण्याजोग्या विमानांचा तो आकडा त्यांचाच असतो. काल गोळ्यांनी चाळण झालेलं विमान सिम्युलेटरमध्ये आज सकाळी नवंकोरं उभं राहिलं, की या माणसांचं सगळं काम पुसलं जातं.

इंफाळचं उदाहरण घेऊ. फेब्रुवारी १९४४मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली १ क्रमांकाची स्क्वाड्रन हरिकेन घेऊन इंफाळच्या खोऱ्यात आली. मार्चअखेरीस जपान्यांनी कोहिमाचा रस्ता तोडला, तो उघडला २२ जूनला. मधले जवळजवळ तीन महिने रसद आकाशातून येत होती आणि ही स्क्वाड्रन वेढ्याच्या आत होती. तिचं मुख्य काम टेहळणीचं. हरिकेन जोडीने जात. पुढच्याचे डोळे जमिनीवर. मागचा सतत नागमोडी उडत आकाश पाहणार, कारण खाली पाहणाऱ्याला आपल्या पाठीमागे काय आहे ते दिसत नाही. जपानी सैन्य दिवसा झाडीत दडे आणि रात्री हले. त्यामुळे शोधायच्या त्या बारीकसारीक खुणा: चुलीचा धूर, नदीच्या उताराजवळ तुडवलेला चिखल, हिरव्या रानात एकच सुकत चाललेली फांद्यांची रास. हे सगळं झाडांच्या शेंड्यांवरून, अरुंद दऱ्यांतून, पुढे पावसाळी ढगांखालून पाहायचं आणि परत येऊन नकाशावर बोट ठेवून सांगायचं. अर्जन सिंग यांना त्याच वर्षी माउंटबॅटन यांच्या हस्ते आघाडीवरच डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. पाडलेल्या विमानांच्या यादीत या स्क्वाड्रनला शोधायला जाल तर ती सामान्य वाटेल. ज्या कामासाठी तिला तिथे ठेवलं होतं, त्यात ती सामान्य मुळीच नव्हती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हा खेळ आहे, लोक विरंगुळ्यासाठी येतात. महिनाभर जंगलावरून फिरून धूर शोधायला कोण बसेल? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही, पण त्याच्या पोटात एक गृहीत आहे, की थरार फक्त गोळीबारात असतो. जमिनीकडे पाहायचं आणि पाठ जोडीदाराच्या भरवशावर सोडायची, यात जो ताण आहे तो कोणत्याही चकमकीहून कमी नाही. तो उभा करायला रचनाकाराचं कसब लागतं इतकंच. शिवाय ‘लक्ष्य उद्ध्वस्त, कामगिरी फत्ते’ असा शिक्का मारणारं सिम्युलेटर खेळाच्याही नियमाने उथळ ठरतं. १८ डिसेंबर १९६१च्या सकाळी पुण्याच्या लोहगाव तळावरून उडालेल्या बारा कॅनबेरा बाँबफेकी विमानांनी गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, त्यानंतर आणखी आठ कॅनबेरा येऊन गेल्या. इतर इमारतींना धक्का लागू द्यायचा नव्हता. गोव्यात पोर्तुगिजांचं एकही लढाऊ विमान नव्हतं, तेव्हा चकमकीचा प्रश्नच आला नाही. कामगिरी फत्ते, असं कोणताही संगणक म्हणेल. पण त्याच रात्री त्या धावपट्टीच्या शाबूत उरलेल्या भागावरून पोर्तुगिजांची दोन प्रवासी विमानं उडाली आणि कराचीला पोचली. लोहगावच्या वैमानिकांच्या कौशल्याला यामुळे काहीही उणेपणा येत नाही. धावपट्टी फोडणं आणि धावपट्टी बंद पाडणं यांतलं अंतर कळतं, आणि ते कळणं हा खेळाचाच आनंद आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नोंदवही तरी कुठे खरी असते? १५ सप्टेंबर १९४० या एका दिवसात १८५ जर्मन विमानं पाडल्याचं ब्रिटनने जाहीर केलं. प्रत्यक्षात गेली होती सुमारे साठ. यात लबाडी शोधायचं कारण नाही. एकाच विमानावर तिघे गोळ्या झाडतात, तिघांनाही ते धूर सोडत खाली जाताना दिसतं, आणि तिघेही प्रामाणिकपणे ते आपल्या नावावर लिहितात. ज्या पँथर्सपासून हे सगळं सुरू झालं, त्यांचाच ३ सप्टेंबर १९६५चा दिवस पाहा. तेव्हा ही स्क्वाड्रन नॅट उडवत होती आणि त्या दिवशी ट्रेव्हर कीलर यांनी पाकिस्तानी सेबर विमान पाडल्याची नोंद झाली. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा तो पहिला हवाई विजय म्हणून गाजला. पाकिस्तानी बाजूचं म्हणणं असं, की ते सेबर जबर जखमी झालं, तरी वैमानिकाने ते तळावर उतरवलं. त्याच दिवशी याच स्क्वाड्रनचं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरला उतरलं आणि आज ते कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. तेव्हा एका बाजूची वही हे अर्धंच साधन असतं. आक्षेप इथपर्यंत मान्य. त्यातून निघणारा ‘मग काहीही रचा’ हा निष्कर्ष मात्र अमान्य. वही अपुरी असेल तर समोरच्याची वही शोधावी. आणि तीही अपुरी पडली, तर ती जागा रिकामी ठेवावी.

रिकामी जागा म्हटलं की पाकिस्तानच्या सरगोधा तळावरच्या हल्ल्याची ती सकाळ आठवते. या विषयात कुठूनही निघालं तरी मी तिथेच येऊन पोचतो. ७ सप्टेंबर १९६५. १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं ओमप्रकाश तनेजा यांच्या नेतृत्वाखाली आदमपूरहून अंधारातच निघाली. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या राखीव होते. तुकडीतल्या एका विमानाला जाता आलं नाही, म्हणून ते निघाले. हल्ला झाला, विमानं परतली, देवय्या परतले नाहीत. त्यांचं काय झालं हे पाहणारा भारतीय बाजूला कुणीही नव्हता. ते समजलं १९७९ साली, जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी बाजूने लिहिलेल्या पुस्तकातून. पाकिस्तानी वैमानिक अमजद हुसेन यांच्या स्टारफायटरने एका मिस्टेअरला गाठलं होतं. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानापुढे सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही न गाठणारं मिस्टेअर. ते संपलं असं समजून स्टारफायटर वळलं, तेव्हा त्या जखमी मिस्टेअरने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. अमजद हुसेन हवाई छत्रीने वाचले, देवय्या गेले. आदमपूरहून आलेल्या विमानांपैकी न परतलेलं मिस्टेअर कोणतं, हा हिशेब जुळवल्यावर देवय्यांचं नाव पुढे आलं आणि १९८८ साली त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. कितीतरी वर्षं त्यांचा पराक्रम शत्रूच्या स्मरणात सुरक्षित होता आणि त्यांच्या स्वतःच्या स्क्वाड्रनला तो ठाऊक नव्हता.

सरगोध्याची मोहीम रचणारा कुणीही खेळणाऱ्याला देवय्यांच्या आसनावर बसवेल. मोह उघड आहे: एकाकी मिस्टेअर, झेपावणारं स्टारफायटर, शेवटची झुंज. मला हे योग्य वाटत नाही. खऱ्या माणसाचा मृत्यू पुन्हापुन्हा सुरू करून, जमलं तर त्याला जगवून दाखवायचा, हे त्याच्या नावाशी नीट वागणं नव्हे. यावरून काही जण पुढे जाऊन म्हणतात, की मग युद्धाचा खेळच करू नये. सुखरूप खुर्चीत बसून इतरांच्या मरणाशी खेळणं मुळातच हीन. त्यांच्याशी मी सहमत नाही. वाचक तरी कुठे खंदकात बसलेला असतो? खेळणारा सुखरूप असण्यात दोष नाही, सर्वज्ञ असण्यात आहे. म्हणून माझ्या मते ते उड्डाण परत आलेल्यांपैकी एकाच्या आसनावरून करायला हवं. अंधारात निघायचं, इंधनाचा काटा बघत लक्ष्य गाठायचं, परत फिरायचं, उतरल्यावर विमानं मोजायची आणि एक कमी भरल्याचं पाहायचं. त्यानंतरच्या उड्डाणांच्या ब्रीफिंगमध्ये त्याविषयी चकार शब्द नको, कारण स्क्वाड्रनलाही त्याहून अधिक काही कळलं नव्हतं. मोहीम संपल्यावर शेवटच्या पानावर १९७९ आणि १९८८ या दोन सालांची हकीकत यावी. खेळणाऱ्याला त्या क्षणी जे कळेल, ते शंभर चकमकी जिंकूनही कळणार नाही.

मराठी माणसाला ही शिस्त परकी वाटू नये. बखरीत रंगलेल्या समाजाला इतिहासकार राजवाड्यांनी अस्सल पत्रांकडे वळवलं. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, तो पानिपतापर्यंतच्या दशकातल्या पत्रांचा. लढाई जिंकणार की हरणार हे ठाऊक नसलेल्या माणसांनी लिहिलेली ती पत्रं. त्यांचं मोल त्या न ठाऊक असण्यातच आहे. स्क्वाड्रनची वही त्याच जातीची. आणि सरकारी वह्यांच्या पलीकडे प्रत्येक वैमानिकाचं स्वतःचं लॉगबुक असतं, प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमान आणि वेळ त्याच्या हातची. पुण्यात हवाई दलातून निवृत्त झालेल्यांची किती कुटुंबं आहेत! त्यांच्या कपाटांत ही लॉगबुकं आहेत, आणि वैमानिक गेल्यावर पुढच्या पिढीला त्यांतल्या आद्याक्षरांचा अर्थ लागत नाही. राजवाडे दफ्तरांसाठी गावोगाव पायपीट करत हिंडले. आता तेवढे कष्टही नाहीत. पानांची छायाचित्रं काढून ती नीट लावून ठेवली तरी पुष्कळ आहे. सिम्युलेटरच्या नादाने ज्या तरुणांना हरिकेन आणि मिस्टेअर ओळखता येतात, त्यांना ती आद्याक्षरंही वाचता येतील. त्यांनी हे काम हाती घ्यावं आणि ज्यांच्या घरी अशी वही आहे त्यांनी दार उघडावं, असं मला फार वाटतं.