उतरती रेघ

फळ्यावर काढलेल्या एका तिरप्या रेघेनें मला जितकें छळलें आहे, तितकें दुसऱ्या कशानेंहि छळलें नसेल. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वेग, आणि डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी ती रेघ! सरळ वर फेंकलेल्या दगडाची ती कथा. सेकंदाला १९.६ मीटर वेगानें दगड हातांतून सुटला, कीं दर सेकंदास ९.८ मीटरनें त्याचा वेग घटूं लागतो. दोन सेकंदांनीं तो शून्यावर येतो, आणि रेघ न वांकतां, न अडखळतां अक्षाखालीं तशीच उतरते. दगड माघारी फिरला, एवढाच त्या ओलांडण्याचा अर्थ.

तीस वर्षें मी हें शिकवीत आलों. तरी दर वर्षीं कोणी तरी या दगडासाठीं टेकडी काढतोच. रेघ वर चढते, माथा गांठते, खालीं येते. वीसएक वर्षांपूर्वीं असाच एक मुलगा फळ्याशीं आला. खेड्यांतून आलेला, अंगानें किरकोळ. अक्षर मात्र मोत्यासारखें. त्यानें मोठी डौलदार टेकडी काढली. "छान! आतां हिच्यावर एखादें देऊळहि बांधा," मी म्हणालों. वर्ग खो खो हंसला. मीहि हंसलों असेन. त्या मुलानें पुन्हां प्रश्न विचारला नाहीं, आणि पुढल्या जूनमध्यें तो शास्त्रशाखेंत दिसला नाहीं. कारण दुसरेंहि असूं शकेल. पण तें मीं कधीं विचारलें नाहीं, हें खरें.

वास्तविक त्याची चूक मूर्खपणाची नव्हती. दगड वर जातांना, खालीं येतांना त्यानें डोळ्यांनीं पाहिला होता. वेग कोणाला दिसतो? न दिसणाऱ्या वेगाचें चित्र काढावें, प्रत्येक क्षणाच्या वेगाइतकी उभी रेघ उभारावी आणि त्यांनीं व्यापलेल्या क्षेत्रफळांत अंतर वाचावें, ही कल्पना चौदाव्या शतकांत निकोल ओरेम या फ्रेंच पंडितानें मांडली. आमच्या आलेखांत अक्षावर एक त्रिकोण, अक्षाखालीं एक. प्रत्येकाचें क्षेत्रफळ १९.६. बेरीज शून्य, कारण दगड हातांत परत आला. चाललेली वाट मात्र ३९.२ मीटर! (घरीं परतलेल्या माणसाला 'तूं चाललासच नाहींस' असें कोणी म्हणत नाहीं.)

यंदा एका मुलीनें तीच टेकडी काढली. मीं विचारलें, "माथ्यावर पोंचलेल्या दगडाचा वेग किती?"

"शून्य," ती म्हणाली, आणि टेकडीच्या शिखराकडे पाहातच राहिली. तेथें तर वेग सर्वांत अधिक दाखविला होता. मागच्या बांकावर कोणी तरी हंसूं लागलें. मीं ओंठांवर बोट ठेवलें. बराच वेळ गेला. मग तिनें फडकें उचललें.

"सर, रेघ वरूनच सुरू व्हायला हवी ना?"