नकाराचं पत्र हा शेवट नव्हे

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा दावा फेटाळणाऱ्या पत्रात 'स्थूलत्वावरील उपचार पॉलिसीत वगळले आहेत' एवढी एक ओळ वाचूनच अनेकजण हात टेकतात. ते टेकू नयेत, असं मला मनापासून वाटतं. विमा नियामक 'इर्डाई'नं २०१९ मध्ये प्रमाणित केलेलं हे कलम सरसकट नकार देत नाही. वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) किमान ४० हवा. किंवा तो किमान ३५ असून अनियंत्रित मधुमेह, तीव्र स्लीप अॅप्नियासारखा आजार हवा आणि साधे उपाय फसलेले हवेत. म्हणून अपिलात विनवणी नको, पुरावा हवा: वजनाच्या जुन्या नोंदी, रक्तशर्करेच्या एचबीएवनसी चाचणीचे रिपोर्ट, आहारतज्ज्ञाचे कागद.

'खाण्यावर ताबा नाही, त्याचा भुर्दंड इतरांना का?' असं कुणी म्हणेल. पण भूक आणि वजन यांवर आनुवंशिकतेचा, संप्रेरकांचा मोठा अंमल असतो. शिवाय आज शस्त्रक्रिया नाकारली, तरी उद्याच्या डायलिसिसचा, बायपासचा खर्च त्याच सामायिक गंगाजळीतून जातो. म्हणून आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. आपला हक्क मागण्यात लाज कसली?