आयदर ऑर सर्व्हायव्हर

नवराबायको जोडीने नवीन खातं उघडायला आले, की मी फॉर्मवरून मान वर न करता विचारतो, "आयदर ऑर सर्व्हायव्हर ना?" दोघंही माना डोलावतात. आजवर एकाही जोडप्याने मला ह्याचा अर्थ विचारलेला नाही. सरळ मराठीत अर्थ असा, की दोघांपैकी कोणीही पैसे काढावेत. आणि एक गेल्यावर मागे राहील त्याने काढावेत. लग्नानंतर आठवड्याभरात आम्हीही असंच खातं उघडलं होतं. त्यातला 'आयदर' तिने इतक्या मनापासून सांभाळला, की आमच्या चेकबुकात माझी सही शोधावी लागे. 'सर्व्हायव्हर' चार वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला आला.

असो. आज सांगायचंय ते सहलीबद्दल.

ह्या चार वर्षांत मी आणि आमची चिंगी कुठेही गेलो नव्हतो. कारणं माझ्याकडे तयार असत. बँकेतल्या माणसाला कारणांचा तोटा नाही. मार्च एंडिंग, मग ऑडिट, मग पाऊस, मग पुन्हा मार्च एंडिंग. पण चिंगीच्या शाळेत 'मी केलेला प्रवास' असा निबंध आला आणि तिने डोंबिवली ते ठाणे ह्या प्रवासावर दीड पान लिहिलं. मुंब्र्याच्या बोगद्याचं वर्णन तर विशेष बहारीचं होतं. खाली बाईंनी लाल शाईत शेरा मारला होता, 'छान. परंतु प्रवास थोडा लांबचा असावा.' दहा वर्षांच्या मुलीच्या वहीत माझ्यावर निघालेला तो ऑडिट रिमार्क होता. त्याला उत्तर देणं भाग होतं.

मी ब्रँचमध्ये विषय काढला आणि सल्ल्यांचं काउंटर उघडलं. हेड कॅशियर म्हणाले, "कुठल्या तरी टूरबरोबर जा. सगळं आयतं." मी माहितीपत्रकं आणून पाहिली. सगळे दर माणशी, पण 'दोघांत एक खोली' ह्या हिशेबाने. शिवाय पहिल्या दिवशी बसमध्ये 'जोडप्यांनी आपापली ओळख करून द्यावी' असा कार्यक्रम. दुसरे एक सहकारी म्हणाले, "आत्याला बरोबर घ्या, मुलीला सोबत होईल." आमच्या आत्याला घ्यायचं म्हणजे तिचे देव, तिचं सोवळं आणि तिची गुडघ्यांची औषधं घ्यायची. त्यात चिंगीला सोबत झाली असती, पण मला दोन मुली झाल्या असत्या. तिसऱ्यांनी शेजारच्या कुटुंबाबरोबर जायला सुचवलं. ते एकदा करून पाहिलं होतं, एक दिवसाच्या सहलीला. दुसऱ्यांच्या कुटुंबाबरोबर गेलेला एकटा पुरुष हा दिवसभर पिशव्यांपाशी बसवून ठेवण्याच्या कामी येतो.

उपयोगाचं बोलल्या त्या फक्त क्लिअरिंगच्या बाई. त्यांचा संसार मोडून सहा वर्षं झाली. पण दर सुट्टीत मुलाला घेऊन कुठेतरी जाऊन येतात आणि आल्यावर सगळ्यांना चिक्की वाटतात. त्या म्हणाल्या, "चार गोष्टी लक्षात ठेवा. गाडी दिवसाची घ्या आणि मुक्कामी उजेडात पोहोचा. सात ठिकाणं बघायला जाऊ नका, एकाच ठिकाणी तीन दिवस राहा. मुलीच्या खिशात तुमचा नंबर लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. आणि चौथं, माणसाला दोनच हात असतात. तिसरा लागला की मागायचा."

"मागायचा म्हणजे?"

"लोकांकडे. देतात हो. मागायची लाज वाटते तीच काय ती अडचण."

मी पहिल्या तीन गोष्टी डायरीत टिपल्या. चौथी तितकीशी व्यवहार्य वाटली नाही.

मग एल.एफ.सी.चा, म्हणजे प्रवासभाड्याच्या सवलतीचा, फॉर्म भरला. कुटुंबीयांच्या रकान्यात पहिली ओळ पत्नीची. पेन तिथे जरा थांबलं. शेजारच्या टेबलावरून सूचना आली, "'लागू नाही' लिहा, साहेब. कोरं सोडलंत तर परत येईल." लिहिलं. दुसऱ्या ओळीवर चिंगी, वय १०.

तिकिटाची गंमत निराळीच. माझ्या लहानपणी बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट असे आणि आमचे वडील मला बरीच वर्षं अकराच वर्षांचा सांगत. २०१६ पासून रेल्वेने नियम बदलला. पाच ते बाराच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धं भाडं आणि हवा असेल तर पुरं. मी चिंगीला विचारलं, "माझ्या शेजारी दाटीवाटीने बसशील? पैसे वाचतील." ती म्हणाली, "आपण दोघंच आहोत ना बाबा? मग मला पूर्ण धर." बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आलो तरी ह्या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पूर्ण धरली.

आता सामान. तिची आई असताना आम्ही निघायचो तेव्हा आमच्याबरोबर सात नग असत. दर स्टेशनावर ती बोटाने मोजायची, एक, दोन, तीन... सात, आणि मग माझ्याकडे बघून म्हणायची, "आणि हे आठवे नग." डब्यातले लोक हसायचे. मी रागावल्याचं सोंग करायचो.

ह्या वेळी मी हिशेब मांडला. दोघांचे मिळून हात चार. प्रत्येकी एक हात एकमेकांना धरण्यात गुंतलेला. उरले दोन. म्हणजे सामान दोन नग, एक पैही जास्त नाही. एकट्याने मूल घेऊन प्रवासाला निघणाऱ्यांनी हे सूत्र पाठ करावं. मुलं दोन असतील तर पाठीवर एक पिशवी आणि देवावर भरवसा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठाण्याला सकाळची मांडवी एक्स्प्रेस धरली. मुक्काम गणपतीपुळे. चिंगीच्या फ्रॉकच्या खिशात माझा नंबर, घरचा पत्ता, रेल्वेचा १३९ आणि मुलांसाठीचा १०९८. तिची वेणी मी घातली होती. ही कला मी उशिरा शिकलो. माझी वेणी सकाळी घट्ट असते आणि दुपारपर्यंत ओव्हरड्राफ्टमध्ये जाते.

पनवेल गेलं आणि पहिला पेचप्रसंग आला. चिंगीला 'जायचं' होतं. तुमच्या घरात दोन मोठी माणसं असतील तर ह्यात पेच कसला हे तुम्हाला कळणार नाही. एकाने मुलीबरोबर जायचं, दुसऱ्याने सामानापाशी बसायचं. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, दोन माणसांकडे. एकट्याच्या किल्लीने ती उघडत नाही. संसारही बहुधा त्याच कारखान्यात बनवलेला असावा. मुलीबरोबर जावं तर बॅगा मागे राहतात, बॅगांपाशी बसावं तर मुलगी एकटी. दोन्ही बॅगा घेऊन संडासाच्या दारात उभा राहिलेला क्लार्क डब्यातल्या सगळ्यांनी पाहिला. परत आलो तेव्हा समोरचे आजोबा म्हणाले, "अहो, नुसतं 'जरा लक्ष ठेवा' म्हणायचंत! मी काय पळवणार होतो तुमची बॅग? मला माझीच उचलवत नाही."

भारतीय रेल्वे चालते ती विजेवर की डिझेलवर, हा वाद व्यर्थ आहे. ती 'जरा लक्ष ठेवा' ह्या तीन शब्दांवर चालते. पुढच्या खेपेला मी ते उच्चारले. जीभ जरा अडखळली, पण उच्चारले.

उक्शी आणि भोके ह्या स्टेशनांमध्ये करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर लांबीचा. चिंगीने मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली आणि उजेड येईपर्यंत माझा हात सोडला नाही. मुंब्र्याचा बोगदा त्या क्षणी कायमचा पदच्युत झाला.

रत्नागिरीच्या स्टँडवर खरी परीक्षा झाली. तिथे चिंगीला पुन्हा जायचं होतं, आणि पाटी होती 'स्त्रिया'. क्लिअरिंगच्या बाईंची अडचण ह्याच्या उलट. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा झाला आणि 'मी बायकांच्यात येणार नाही' म्हणून अडून बसला. 'पुरुष' पाटीबाहेर त्या कशा जीव मुठीत धरून उभ्या राहतात, ते त्यांनी एकदा सांगितलं होतं. मी पाटीसमोर तसाच उभा. जवळच एक म्हातारी आपल्या पिशवीवर बसली होती. मी दोनदा घसा खाकरला, पण शब्द फुटेना. शेवटी तीच म्हणाली, "आवस नाय आली काय पोरीची?"

माझ्याआधी चिंगी बोलली, "आई नाहीये. आम्ही दोघंच असतो."

म्हातारी उठली. "चल गो बाय, माज्या वांगडा." मग आपली पिशवी तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही धरा तवर." तारण घेतल्याशिवाय कोणाला दमडी न देणाऱ्या संस्थेत माझा जन्म गेला. इथे माझी मुलगी न्यायची म्हणून त्या बाईने आपण होऊन तारण ठेवलं. पिशवीत सुकट होती. त्या वासात मी पाच मिनिटं उभा होतो, आणि डोळ्यांत पाणी आलं त्याला सुकटच कारण होती, असं मी चिंगीला सांगितलं.

राहण्याची सोय घरगुती होती. माझा सल्ला विचाराल तर एकट्या माणसाने मुलीला घेऊन जाताना असंच घर शोधावं, जिथे स्वयंपाकघरात कोणीतरी काकू आहेत. काकूंनी फारसं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातची वेणी पाहिली, ती सोडली आणि नवी घातली. रात्री उकडीचे मोदक केले. चिंगीच्या पानात तीन आणि माझ्या पानात दोन. हिशेब बरोबर होता.

गणपतीपुळ्याचा गणपती म्हणजे मागचा डोंगरच. प्रदक्षिणा घालायची तर डोंगराला घालावी लागते. घातली. मग समुद्र. हा समुद्र दिसायला शांत, पण पोहायला धोक्याचा. तिथे पाट्याच लावल्या आहेत. पूर्वी कुठेही गेलो की मी पोरीला घेऊन पाण्यात जायचो आणि तिची आई चपला, पाकीट सांभाळत काठावर बसून ओरडायची, "पुरे! आणखी आत नको!" आता काठावर कोणी नव्हतं. चिंगी हात ओढत होती. मला एकदम वाटलं, समजा मला काही झालं, तर ह्या वाळूवर, ह्या दोन जोडी चपलांपाशी, 'सर्व्हायव्हर' कोण? वय १०. घोटाभर पाण्यात मी खिळून उभा राहिलो.

"पुरे बाबा!" चिंगी म्हणाली. "आणखी आत नको."

हात तीच ओढत होती, पण बाहेरच्या बाजूला. मी आत नेईन अशी तिला भीती वाटत होती.

मग आम्ही घोटाभर पाण्यातच तासभर उभे राहिलो. पाकीट गळ्यात, चपला हातात. आमच्या घरी तिच्या आईचे फोटो फार थोडे आहेत, कारण फोटो काढायची तीच. सगळ्या सहलींत मी आणि पोरगी, नाहीतर मी, पोरगी आणि एक घोडा. ह्या वेळी मी शहाळेवाल्याला हाक मारली, "जरा एक फोटो काढता का?" आता मागायची चांगलीच सवय झाली होती. त्याने कोयता बाजूला ठेवून काढला. तो वाकडा आहे, पण दोघंही त्यात आहोत.

परतीच्या दिवशी गाडीला वेळ होता म्हणून रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहिला. थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि राणी, मुलींसकट त्याला इथे आणून ठेवलं. हा वाडा झाला १९१० साली आणि १९१६ साली राजा इथेच वारला. मी चिंगीला म्हटलं, "प्रवासखर्च सरकारी, राहणं सरकारी. एल.एफ.सी. म्हणायची ती ही. फक्त परतीचं तिकीट नव्हतं."

चिंगी हसली नाही. "म्हणजे त्याला घरी जाताच आलं नाही?"

"नाही."

"पण मुली होत्या ना बरोबर?"

"होत्या."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुढच्या दालनात गेली. मी बराच वेळ राजाच्या खिडकीतून बाहेर बघत उभा होतो.

रात्री ठाण्याला उतरलो. ही गर्दी! एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात चिंगी, असा मी जिन्याकडे निघालो तर हाताला हिसका बसला. चिंगी प्लॅटफॉर्मच्या मधोमध थांबली होती. तिची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला त्या दिवसांतलं फारसं काही आठवत नसेल, असं मी धरून चाललो होतो. लोक धक्के मारत होते, हमाल ओरडत होते, आणि ती शांतपणे बोट करून मोजत होती.

"एक. दोन." मग तिने बोट माझ्याकडे वळवलं. "आणि हे तिसरे नग. चला."

मी रागावल्याचं सोंग केलं आणि मुकाट्याने तिच्या मागून चालू लागलो.