आजोळचा संघ

कोल्हापुरात फुटबॉलवेड्या माणसाची पेठ कळली, की बहुतेक वेळा त्याची तालीमही कळते. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, बालगोपाल ही नावं तिथं माणसाच्या ओळखीचाच भाग असतात. तशी निष्ठा मी खो-खोच्या मैदानावर पाहिली आहे, आणि स्वतःही जपली आहे. माझा संघ धाराशिवच्या मुलींचा. घर सोलापुरात, आजोळ धाराशिवला. राज्य स्पर्धेत हे दोन जिल्हे समोरासमोर आले, की सोलापूरचे मित्र एका अंगाला आणि मी दुसऱ्या अंगाला, मामांशेजारी. सोलापूरही या खेळातलं जुनं आणि दमदार नाव, त्यामुळे मित्रांचा राग रास्तच होता. पण खेळ कसा पाहायचा हे मला मामांनी शिकवलं, आणि त्यांचा संघ तोच माझा झाला.

थंडी पडायला लागली तसा पुन्हा आजोळच्या रस्त्यानं निघालो. सोलापूर ते तुळजापूर 45 किलोमीटर. शहर मागं पडलं की दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं, आणि मग एसटी घाट चढायला लागते. आज या रस्त्यावर जिल्ह्याची पाटी तेवढी बदलते, पण 1948 पर्यंत इथं राज्य बदलत होतं. सोलापूर मुंबई इलाख्यात, तुळजापूर निजामाच्या मुलखात. अलीकडं-पलीकडं बोली तीच, भाकरी तीच, नवस बोलायची देवी तीच, पण पलीकडं नाणं हाली सिक्क्याचं आणि कचेरीची भाषा उर्दू. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय लष्कराची, मेजर जनरल चौधरींची मुख्य फौज सोलापूरहूनच हैदराबादच्या दिशेनं निघाली आणि पहिली मोठी झुंज नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल हाती आला, पुढची वाट मोकळी झाली आणि 17 तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. त्या वर्षी रझाकारांच्या धास्तीनं घरातली बायकामुलं सोलापूरच्या नातलगांकडं कशी राहिली, हे आजी सांगायची. म्हणजे आमच्या घरातलं सोलापूर-धाराशिव येणंजाणं खो-खोच्याही आधीचं.

खेळाचा इतिहास या सरहद्दीशेजारी ठेवून पाहिला, की धाराशिवची कमाई नीट कळते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं 1914 मध्ये खो-खोचे नियम बांधले, तेव्हा हे गाव दुसऱ्याच राज्यात होतं. त्या राज्याच्या राजधानीत पुढं फुटबॉल बहरला; सय्यद अब्दुल रहीम यांच्यासारखा प्रशिक्षक आणि 1950 च्या दशकातल्या भारतीय संघातले कितीतरी खेळाडू हैदराबादचे. राष्ट्रीय खो-खो स्पर्धा 1959-60 साली विजयवाड्यात सुरू झाली, महिलांची त्याच्या पुढच्या वर्षी कोल्हापुरात. पुणे, मुंबई, ठाणे, सांगली, सातारा यांच्या मागून आलेल्या या कोरडवाहू जिल्ह्यानं मुलींच्या खेळात त्यांच्या पंक्तीत जागा मिळवली. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तुळजापूरला बस थांबली की पाय आपोआप देवळाकडं वळतात. यमुनाचलाच्या उतारावर मंदिर, पायऱ्या उतरत जायचं. कोजागरीच्या सुमाराला सोलापूरहून हजारो माणसं रात्रभर चालत इथं येतात. आमच्या गल्लीतली माणसंही जायची. मला या गावाचं आणखी एका कारणानं अप्रूप आहे. खो-खोपटू सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती याच तालुक्याची क्रीडा अधिकारी होती. खो-खोला हा पुरस्कार दोन दशकांहून जास्त खंडानंतर मिळाला, आणि तो आमच्या जिल्ह्यात आला.

सारिकाची हकिगत धाराशिवमध्ये कुणीही सांगेल, पण ती घाईत सांगण्यासारखी नाही. जवळपास दहा वर्षं दिवसातून एकच वेळ जेवण मिळायचं, हे तिनंच पुरस्कारानंतर सांगितलं. घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती आणि संघानं सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी घरच्या ओढाताणीला कंटाळून तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं, स्वतःला खोलीत कोंडून घेतलं होतं. आजीनं प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना हे सांगितलं, त्यांनी समजूत घातली आणि ती मैदानावर परतली. आम्ही टाळ्या वाजवणारे लोक सुवर्णपदक पाहतो. बंद दाराबाहेर उभी असलेली ती आजी आम्हाला दिसत नाही. या जिल्ह्याच्या खो-खोचं श्रेय वाटायचं झालं, तर माझ्या हिशेबात पहिला वाटा अशा आज्यांचा.

तुळजापूरहून धाराशिव अर्ध्या-पाऊण तासावर. जुन्या गुणपत्रिकांवर आमच्या संघाचं नाव ‘उस्मानाबाद’ आहे, सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानच्या नावावरून. 2023 पासून सरकारदरबारीही ‘धाराशिव’. मामा दोन्ही नावं घेतात, ज्या काळातला सामना आठवतात त्या काळातलं.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर सरावाला गेलो. खो-खोचं मैदान जमिनीवर बसून पाहावं, तरच पाय दिसतात. मध्य पाटीवरच्या आठ चौकांत आठ मुली आलटून पालटून विरुद्ध तोंडांनी बसलेल्या, एक पाठलागावर. पळणारी मुलगी एकेरी साखळीत शिरली. बसलेल्या दोघींच्या मधून आत, पुढच्या दोघींच्या मधून बाहेर, पुन्हा आत. तिला मधली पाटी कितीदाही ओलांडायची मुभा. पाठलाग करणारीला नाही, आणि एकदा घेतलेली दिशाही बदलता येत नाही. म्हणून तर खो द्यायचा. तोही पाठीमागून, हाताचा स्पर्श आणि तोंडातला शब्द एकाच क्षणी; मागंपुढं झालं की फाऊल. पळणारी खांबाजवळ पोचली तशी एका बारक्या मुलीनं डाव्या हातानं खांब पकडला आणि अंग आडवं सोडलं. उजव्या हाताची बोटं पळणारीच्या टाचेला जेमतेम लागली. गडी बाद. उठताना तिनं कोपराची माती झटकली, खरचटलेल्या जागेकडं पाहिलंही नाही.

“खांब सोडला कधी, बघितलंस का?” मामांनी विचारलं. त्यांच्या मनगटावर अजून काट्यांचंच घड्याळ आहे आणि कोण किती वेळ पळालं हे ते त्यावरच मोजतात.

खो-खोच्या चाहत्याचं एक दुखणं असतं. खेळाडू फार दिवस आपल्याकडं राहत नाहीत. शाळकरी वयात नजरेत भरलेली मुलगी चार-सहा वर्षांत रेल्वेकडून किंवा विमानतळ प्राधिकरणाकडून खेळताना दिसते, नाहीतर नोकरीला लागते, लग्न होऊन परगावी जाते. त्यांनी जावंच, नोकरीसाठी तर हा सगळा घाम गाळलेला असतो. आपण मात्र पुन्हा चौदा वर्षांखालच्या मुलींपासून सुरुवात करायची. नोव्हेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा धाराशिवलाच भरली, तेव्हा अशा कितीतरी ओळखीच्या मुली वेगवेगळ्या रंगांच्या जर्सीत एकाच गावात पाहायला मिळाल्या. मामा रोज सकाळीच जागा धरून बसत. आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, आणि त्या संघात आमची अश्विनी शिंदे होती. घरोघरी टीव्हीसमोर धाराशिव बसलेलं होतं.

विश्वचषकाचा खेळ मॅटवर, सात-सात जणींचा. मामांना तो पटत नाही. आठ चौकांशिवाय साखळीला रंगत नाही म्हणतात. मला वाटतं, परदेशी मुली हा खेळ शिकणार असतील तर मॅट हवीच आणि वेगही हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गावापासून आठेक किलोमीटरवरच्या धाराशिव लेण्यांकडं जातानाही आमचं हेच चाललं होतं. बालाघाटच्या डोंगरात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी खोदलेली ही लेणी. आधी बौद्ध की जैन यावर अभ्यासकांचाही वाद आहे. खांबांच्या ओळींमधून आत जाताना मामा थांबले, दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि इथं तीन चौकही बसायचे नाहीत असा निकाल दिला. परतताना त्यांनी गुलाबजाम बांधून घेतले, माझ्या सोलापूरच्या मित्रांसाठी. “राज्य स्पर्धेच्या आधीच खाऊ घाल,” म्हणाले, “नंतर ते तुझ्याशी बोलायचे नाहीत.” खांबावर अंग सोडणाऱ्या त्या बारक्या मुलीची शाळा आणि वय मी विचारून आलो आहे. जिल्हा निवड चाचणीची तारीख लागली, की मामा फोन करणार आहेत.